दोरीने आलेली फियाट

दोरीला बांधलेली फियाट जीपमागून मैदानात शिरली आणि दशरथरावांचं डोकंच फिरलं. आत श्रीधरराव स्टिअरिंग धरून असे ऐटीत बसले होते, जणू गाडी तेच चालवत होते.

"ही काय वरात आहे?" दशरथराव मुलावर, चेतनवर, खेकसले.

राग यायला कारण होतं. गेल्या वर्षी याच फियाट मेळाव्यात त्यांचा कप हुकला तो श्रीधररावांमुळे. "सीटचं रेक्झिन मूळचं नाही. नियम तो नियम," असं त्यांनी परीक्षकांना सुनावलं होतं. मग कप त्यांनाच मिळाला, हे वेगळं सांगायला नको. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. वडिलांनी खडकीच्या कारखान्यात घाम गाळून घेतलेली चौसष्ट सालची गाडी, आणि तिच्यात हा माणूस खोट काढतो! वर्षभर दशरथराव आतल्या आत धुमसत होते.

आज सकाळीही घात व्हायचाच. ऐन निघताना फ्युएल पंप गेला. बिचारा साठ वर्षं चालला होता. चेतन स्कूटर काढून गेला आणि तासाभरात दुसरा घेऊन आला. रविवार, म्हणजे जुन्या बाजारात मिळाला असणार. दशरथरावांनी विचारलं, तर "मिळाला एकदाचा, बसवू या आधी," एवढंच म्हणाला. मग गाडी कात्रजहून इथवर कुठेही न अडता आली.

दशरथरावांनी तडक परीक्षकांना गाठलं. "स्वतःच्या इंजिनावर येईल तीच गाडी स्पर्धेत, असं तुम्हीच लिहिलंय ना? की नियम फक्त आमच्या रेक्झिनला?"

"बाबा, जाऊ द्या ना," चेतन म्हणाला.

"तू गप्प बस! गेल्या वर्षी मला कोणी जाऊ दिलं?"

परीक्षक एकमेकांकडे बघू लागले. श्रीधरराव खाली उतरले. "बरोबर आहे त्यांचं. स्पर्धेत नकोच माझी गाडी. साठीतल्या दोन फियाट शेजारी शेजारी उभ्या राहाव्यात, एवढंच मनात होतं."

"आता सुचतंय!" दशरथराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

दोन-चार जण हसले. जीपने गाडी फाटकाबाहेर नेऊन झाडाखाली उभी केली. श्रीधरराव मान खाली घालून मागोमाग चालत गेले.

दुपारी कप दशरथरावांच्या हाती आला. वडिलांच्या आठवणीने त्यांनी तो गाडीच्या टपावर ठेवला. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं, एक चेतन सोडून.

"काय रे, टाळ्यासुद्धा जुन्या बाजारातून आणायच्या का?"

चेतन पाना घेऊन बॉनेटपाशी उभा होता.

"जुन्या बाजारात मी गेलोच नव्हतो, बाबा. बॉनेट उघडा. श्रीधरकाकांनी स्वतःच्या गाडीतून काढून दिलेला पंप त्यांना परत बसवून देतो, निदान घरी तरी ते दोरीशिवाय जाऊ देत."