दोन दिवसांचे कपडे

मुलींचा राष्ट्रीय फुटबॉल कप दिल्लीत होता, आणि नॉकआउट. म्हणजे हरलं की दुसऱ्या दिवशी घरी. बारा वर्षांची रेवा पहिल्यांदाच आम्हाला सोडून निघाली होती. "ओझं कशाला उगाच," म्हणत मी बॅगेत दोन दिवसांचेच कपडे भरले.

टीम जिंकत राहिली आणि इकडे माझा जीव वरखाली. नाशकात बसून मी दिल्लीचं हवामान दिवसातून दहादा बघायची. रोज फोनवर एकच, "अगं, धुतलेले कपडे वाळतात ना नीट?"

"वाळतात गं आई, किती विचारशील!"

नवव्या दिवशी नाशिकरोड स्टेशनवर ती गळ्यात मेडल घालूनच उतरली. मी बॅगेला हात घातला, तर ती सोडेना.



"आई, बाकी प्रत्येकीच्या आईनं फायनलपर्यंतचे कपडे भरून दिले होते."