मागच्या बोळातली ट्रॉली

सकाळी इस्पितळाच्या स्वयंपाकघरामागच्या कोल्ड रूमचं दार उघडलं तेव्हा मिस्त्री वरच्या मजल्यावर एका ट्रॉलीचं चाक काढून बसला होता. हवालदार जिने चढून आला. तो खरा वॉचमन, पण मिशांमुळे सगळे त्याला हवालदार म्हणत. त्याला धाप लागली होती.

"मिस्त्री, खाली चला," एवढंच तो म्हणाला.

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. काढलेलं चाक घरंगळत गेलं, ते त्याने बघितलं नाही.

त्याची बायको याच इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. आदल्या संध्याकाळी ती कामावरून परस्पर बहिणीकडे मुक्कामाला जाणार होती. बहिणीला वाटलं, बेत रद्द झाला असेल. मिस्त्रीला वाटलं, बहिणीकडे गेली की हिला फोनची आठवण राहते कुठे. काम आटपून तोही मागच्या बोळातून, नेहमीच्या वाटेने घरी गेला आणि जेवून झोपला. ती मात्र कोल्ड रूममध्ये भाजी लावायला शिरली होती. ती बाहेर आलीच नाही.

दार आतूनही उघडायचं. खिट्टी ढकलली की झालं. पण ते बोळात, बाहेरच्या बाजूला उघडायचं, आणि बाहेर ताटांनी भरलेली ट्रॉली दाराला टेकून उभी होती. बोळाला त्या अंगाला उतार होता. आत पंख्यांची घरघर एवढी, की हाका मारल्या तरी बाहेर ऐकू जात नसत.

काही दिवसांनी मिस्त्री कामावर परतला. साहेबांनी त्याला आत बोलावलं.

"ट्रॉली घरंगळली हे तर उघड आहे," ते म्हणाले. "चाकाचं लॉक खराब होतं, की मावशींनी लावलंच नव्हतं? तुम्हालाच तपासायला सांगणं जिवावर येतंय, पण दुसऱ्या कोणाला त्यातलं कळत नाही."

लॉक खराब निघालं तर बोट मिस्त्रीकडे वळणार होतं. धड निघालं तर स्वयंपाकघरातल्या मावशीचं काम जाणार होतं. ती ट्रॉली शेवटची तिनेच बोळात उभी केली होती.

मावशी साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसली होती. ती आणि मिस्त्रीची बायको रोज एका डब्यात जेवायच्या.

"भाऊ, लॉक लावल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "पण शपथ घ्या म्हणाल, तर जीभ रेटत नाही."

"वाटून काय उपयोग?"

"तुम्ही किती वेळा सांगितलंत, मागच्या दोन्ही चाकांची लॉकं दाबा म्हणून. आम्ही हसायचो. एकावर भागतंय, तर दुसऱ्यासाठी वळसा कोण घालणार? ती तर म्हणायची..." मावशी थांबली.

ती काय म्हणायची ते मिस्त्रीला माहीत होतं. 'मी जरा एका जागी उभी राहिले, तर हे मलाही लॉक लावतील.'

तो खाली गेला. ट्रॉली आडवी करून पाहिली. रबर शाबूत होतं. स्प्रिंग ताठ होती. पेडल दाबलं की खट् आवाज व्हायचा आणि चाक जागच्या जागी थांबायचं. त्याने ताटं पुन्हा भरली आणि ट्रॉली उतारावर एका लॉकवर उभी केली. ती तसूभरही हलली नाही.

मिस्त्रीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. म्हणजे मावशीनेच लावलं नव्हतं. वर म्हणते, लावल्यासारखं वाटतं.

सांगायला तो निघालाही होता. पण काम अर्धवट टाकायची त्याला सवय नव्हती.

"हवालदार, मी आत जातो," तो म्हणाला. "तुम्ही ट्रॉली लॉक न लावता, सुटीच दाराला टेकवा."

"आत कशाला, मिस्त्री? साहेबांना एवढं नकोय."

"टेकवा."

दार बंद झालं. पंख्यांची घरघर कानात भरली. दिवा होता, पण त्याचा उजेडही गार वाटत होता. दाराच्या आतल्या अंगाला, खिट्टीच्या जरा खाली, पत्रा चेपला होता. आधी तो तसा नव्हता. मिस्त्रीने तिथेच खांदा लावला. त्यासाठी त्याला वाकावं लागलं.

त्याने रेटलं. दार अडलं, मग ट्रॉली कुरकुरत मागे सरकली. आणखी एकदा रेटल्यावर माणूस निघेल एवढी फट पडली. तो बाहेर आला.

"ही तर सरकते," तो म्हणाला. "सुटी असती तर ती निघाली असती बाहेर. पोती उचलायची ती. माझ्यापेक्षा जोर होता तिच्यात."

"सुटी कुठे होती?" हवालदार म्हणाला.

"म्हणजे?"

"लॉक लावलेलं होतं की. साहेबांनी विचारलं, ट्रॉली कुठे होती. मी म्हटलं, दाराला टेकून. पुढचं कोणी विचारलंच नाही मला." त्याने मिशीवरून हात फिरवला. "त्या सकाळी ट्रॉली हटवायला गेलो, तर एक लॉक सोडलं तरी हलेना. म्हटलं, ही काय भानगड. वळसा घालून बघतो, तर दुसरंही दाबलेलं. आता ट्रॉली आपोआप खाली येईल, कबूल. पण आल्यावर स्वतःच स्वतःला लॉक लावून घेईल का?"

हवालदाराची नजर खाली गेली. तो मिस्त्रीच्या पायांकडे बघत होता.

मिस्त्रीने खाली पाहिलं. ऐकता ऐकता, रोज या बोळातून जाताना दाबायचा तसंच, त्याने समोरच्या सुट्या ट्रॉलीचं एक लॉक दाबलं होतं. वळसा घालून आता त्याचा पाय दुसऱ्यावर होता.

वर मावशी अजून बाकावर बसली होती. तिला सांगायचं राहिलं होतं.