तपकिरी पाणी

काचेची बरणी तिने बेकरीच्या काउंटरवर अशी आपटली, की गल्ल्यावर बसलेला धाकटा भाऊ दचकून उठलाच. बरणीत चहासारखं पाणी होतं आणि तळाशी पावाचा एक तुकडा, पांढराफटक.

"काय गं ताई हे?"

"तुझा ब्राउन पाव. शिळा तुकडा चिमण्यांसाठी भिजत घातला होता. सकाळी बघते, तर रंग सगळा पाण्यात."

भावाने आधी दुकानात नजर फिरवली. दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना घाईघाईने वाटेला लावलं. मग खालच्या आवाजात त्याची सारवासारव सुरू झाली. साखर जाळून रंगापुरती घालतात, त्यात काही विष नसतं. अख्ख्या गव्हाचा खरा पाव केला की लोक नाकं मुरडतात, विटा विकतोस का विचारतात. त्यांना तपकिरी दिसला म्हणजे झालं. तिच्या घरी मात्र आपण दर आठवड्याला मायेनेच पाव पाठवत होतो, हेही सांगायला तो विसरला नाही.

माया म्हटल्यावर तिचं डोकं सणकलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, कोंड्यासकटचा पाव द्या, जेवल्यावर साखर हळूहळू चढते आणि पोटही भरलेलं राहतं. हा पाव खाऊन नवरा मात्र तासाभरात पुन्हा स्वयंपाकघरात घुटमळायचा. जेवणानंतरची साखर तपासली की आकडा बघून डॉक्टर तिच्याकडे बघायचे आणि ती नवऱ्याकडे. पायाच्या अंगठ्याची जखम भरायचं नाव घेत नव्हती. चोरून खाता तुम्ही, वयाची तरी लाज बाळगा, असं तिने त्याला सुनेसमोर सुनावलं होतं. तो एवढंच म्हणाला होता, की भूक लागते गं, खोटं नाही बोलत. त्यावर तिने डब्यांच्या कपाटाला कुलूप घातलं. त्या दिवसापासून त्याने काही मागणंच सोडून दिलं होतं.

"अंगठा काढणार आहेत ह्यांचा," ती म्हणाली. "काल सांगितलं डॉक्टरांनी."

भावाचा चेहरा पडला, पण जीभ काही थांबली नाही. "भावजी खात असतील गं लपूनछपून काहीतरी. नुसत्या पावाने का एवढं होतंय?"

हे तर तिचंच बोलणं. त्याच्या तोंडून ते ऐकताना तिला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि दुसरी स्वतःच्या. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तिचं ते बघणं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तो वरमला, खाली वाकला आणि फडक्यात गुंडाळलेला एक पाव काउंटरवर ठेवला. बुटका, खरबरीत, वरून भेगाळलेला पाव होता तो.

"हा ने. ह्यात मैद्याचा कणही नाही. रोज वेगळा भाजतो."

"कुणासाठी?"

तो फडक्याची टोकं सारखी करत राहिला. "घरी नेतो," तो म्हणाला.

पर्स उघडून तिने कपाटाची चावी काढली आणि त्या पावावर ठेवली.

"पाव मी नेणार नाही. संध्याकाळी तूच घेऊन ये. ही चावीही तूच ह्यांच्या हातात द्यायची, आणि मी कुलूप का घातलं होतं तेही तूच सांगायचं. सगळं."

"अगं ताई, कुठल्या तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने हा पाव खातोस ना," ती म्हणाली, "त्याच."