गाळलेली खोड

सासऱ्यांचा बटणांनी भरलेला जुना सिंथेसायझर कायमचा बंद पडला, तेव्हा सुनेने लॅपटॉपवर त्याचा हुबेहूब आवाज काढणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. मूळ वाद्याच्या झाडून साऱ्या खोडी तिने त्यात उतरवल्या. पाठीमागची बारीक घरघर, मधूनच घसरणारा सूर, बटण फिरवताना होणारी खरखरसुद्धा. त्यापायी लॅपटॉपचा पंखा धापा टाकायला लागला, तरी ती हटली नाही.

एक खोड मात्र तिने मुद्दाम गाळली. ते जुनं धूड चालू केलं की तापून सुरात यायला चांगला अर्धा तास घ्यायचं. हिचं सॉफ्टवेअर उघडल्याबरोबर सुरात!

सासरे बेहद्द खूश. "सूनबाई, मानलं तुला!" म्हणत सकाळी जे हेडफोन लावून बसले, ते थेट जेवायलाच उठले. जेवण झालं, की पुन्हा हेडफोन.

आठवडाभराने सासूबाई तिच्या खोलीत आल्या आणि त्यांनी हळूच दार लोटून घेतलं.

"सगळं झकास जमलंय गं. फक्त तो तापायचा अर्धा तास तेवढा परत घाल. जमलं तर पाऊण कर."

"अहो आई, बाबांनी उगाच कशाला ताटकळत बसायचं?"

सासूबाईंनी बाहेरच्या खोलीकडे एक नजर टाकली.



"अगं, ते तापेपर्यंतच काय ते हे माझ्याशी बोलायचे."