डोहाचा तळ

"मामी, पाणी लय थंड हाय वो."

सहा वर्षं झाली, तरी तो आवाज रुख्माच्या कानातून गेला नव्हता. पहाटेच्या अंधारात फुलचूरच्या बोडीत, गावतळ्यात, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिची विधवा सून प्रेमिला हे बोलली होती. रुख्माचा हात तिच्या पाठीवर होता. "पुढं हो," ती म्हणाली होती. "थांबू नोको."

आणि आज राईस मिलच्या आवारात, भुशाच्या ढिगापाशी उभे राहून गुलाबचंद शेठ सांगत होते, "सोमवारी मिल बंद. सगळ्यांनी फुलचूरला यायचं. तिथली बोडी उपसायची आहे."

रुख्माच्या सुपातले तांदूळ पायावर सांडले.

"सरकार श्रमदान करा म्हणतं म्हणून नाही," शेठ म्हणाले. "ज्या गावच्या धानावर आपली मिल चालते, त्या गावचं तळं गाळानं भरलंय. आपण काय नुसतं पाहत बसायचं? रोजी पूरी मिळेल. लेकिन जबरदस्ती नाही भाई, मन असेल तो येईल."

"शेठ, तुमी बी घमेलं उचलान, का टोपी घालून फोटो काढान?" हमाल टिकारामनं विचारलं. आवारभर हसू पसरलं.

"सबसे पहले मी उचलीन. और पंप भी मिलचा. मधला डोहसुद्धा कोरडा करू."

बोडीच्या मधला हा खोल डोह कोणाच्या हयातीत आटला नव्हता. त्यानं घेतलेलं तो परत देत नाही, असं सारं फुलचूर म्हणायचं. त्या म्हणण्याच्या आडोशानं रुख्मानं सहा वर्षं काढली होती.

पहिला हात वर गेला तो गोवर्धनचा. बॉयलरवर काम करणारा हा प्रेमिलाचा सख्खा भाऊ. बहीण गेली त्या दिवसापासून त्यानं रुख्माच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. ती समोरून आली की तो मान वळवायचा.

"डोहात मी उतरीन," तो म्हणाला. "दुसरा कोणी नाही."

रुख्मा घरी आली तर ओसरीवर तिचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ बकाराम, कुऱ्हाडीला धार लावत बसलेला.

"आयकलं का? डोह उपसून राहिले म्हणते." त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला. "काठावर पोरीचं लुगडं सापडलं, बाकी काईच नाही. ती बुडाली म्हणून सहा वर्सं तुहं आयकलं, रुख्मा. आता तळ दिसू दे."

"तळात काय पाह्यता, भाऊजी?"

"तू काऊन भेऊन राहिली मंग? तू खोटी निघाली तं आधी तुले घराबाहेर काढतो. पुढचं मंग पाहून घेतो."

पातं दगडावर सरकत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं शेठांना गाठलं. पदर तोंडावर धरून म्हणाली, "मालक, बाकीची बोडी उपसा. डोह नोका उपसू. देवाची जागा होय."

"बाई, देवाला गाळ कशाला पाहिजे?" शेठ हसले. मग बॉयलरकडे पाहून ओरडले, "अरे, तो गोवर्धन कुठाय? सगळ्यांच्या आधी हात वर केला, आणि आज गायब?"

गोवर्धन उगवला तो रविवारी. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं, डोळे लाल. टिकारामनं छेडलं, "काऊन बे, भेला काय पाण्याले?" गोवर्धननं रुख्माकडे एकदा रोखून पाहिलं.

सोमवारी वैशाखाचं ऊन सकाळपासूनच पेटलं. बोडीत माणसांची रांग लागली. शेठ खरंच घमेली उचलत होते, धोतराचा काष्टा चिखलानं जड झालेला. बाया सुरात म्हणत होत्या,

"बोडीच्या पाण्यात चांद पडला वो माई,
हात घालून पाह्यला, तं हाती काई नाई."

रुख्मा घमेलं पुढं देत राहिली. हे प्रेमिलाचं गाणं. जात्यावर ती हेच म्हणायची.

पंप भकभकत होता. डोहाचं पाणी गुडघ्यावर आलं, घोट्यावर आलं. गोवर्धन ओणवा होऊन कोपरापर्यंत हात गाळात घालून चाचपत होता. बांधाच्या पाळीवर बकाराम उभा, खांद्यावर कुऱ्हाड.

"काई हाय का रे?"

गोवर्धननं आणखी खोल हात घातला. पंप दोनदा खोकला आणि थांबला. काळा, चकचकीत तळ उघडा पडला. बकाराम पाळ उतरू लागला.

तेवढ्यात गोवर्धन सरळ झाला. त्याच्या मुठीतून चिखल ओघळत होता, आणि चिखलाबरोबर लोंबत होती चांदीची तोरडी.

बायांचं गाणं तुटलं. शेठांनी डोक्यावरची टोपी काढली.

बकारामनं तोरडी हातात धरून उलटीपालटी केली. "आमच्याच घरची होय," तो पुटपुटला. "बुडालीच म्हणजे पोरगी." खांद्यावरची कुऱ्हाड त्यानं खाली घेतली, आणि पाळीवर जाऊन डोकं धरून बसला.

गोवर्धन रुख्माजवळ आला. सहा वर्षांत पहिल्यांदा इतक्या जवळ. तोरडी तिच्या तळहातावर ठेवून तो खाली वाकला आणि तिचं घमेलं भरू लागला.

रुख्मानं अंगठ्यानं चिखल पुसला. तोरडीचा फासा ढिला होता. त्या पहाटे पाण्यात उतरण्याआधी, गळून पडू नये म्हणून, तिनंच त्यावर लाल दोरा गुंडाळून दिला होता. दोरा तिथंच होता. सहा वर्षांच्या पाण्यात कुजायचा, तो अजून लालच होता.

तिनं झटकन मूठ मिटली. बकाराम बघत तर नाही ना, म्हणून पाळीकडे पाहिलं. "गोवर्धन..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

गोवर्धननं मान वर केली नाही. चिखलाचा गोळा घमेल्यात टाकत तो हळूच म्हणाला, "परवा बालाघाटले तिच्या घरी गेल्तो, मावशी. तिच्याच पायातून काढून आणली."