ठराव

दुआला शहरात कामदेमच्या घरी नात बघायला दोन्ही आज्या आल्या. त्याची आई मान्ये बामिलेके जमातीची, सासू न्गो युम बासा जमातीची; दोघींच्या भाषा वेगळ्या. नातीनं आपलीच भाषा बोलायची, यावरून दोघी विहिणी चार दिवस कडाकडा भांडल्या. पाचव्या दिवशी एका गोष्टीवर मात्र एकमत झालं: बाळाच्या कानावर फ्रेंच पडता कामा नये. आजपासून घरात फ्रेंच बंद!

एकीची भाषा दुसरीला येत नसल्यानं हा ठरावही फ्रेंचमध्येच झाला होता. पण ते बोलून दाखवायची कामदेमची छाती झाली नाही.

घर इतकं शांत झालं, की त्याला दुपारची झोप लागू लागली. तिसऱ्या दुपारी सासूबाईंनी त्याला हलवून उठवलं आणि दाराकडे बघत, चक्क फ्रेंचमध्ये कुजबुजल्या, “जावईबापू, तो नियम तेवढा अर्धा तास उठवा.”

“का हो, काय झालं?”

“तुमच्या आईनं माझी न्दोलेची भाजी चाखली, तोंड वाकडं केलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. मी माझ्या भाषेत त्यांना चांगलं झाडलं, तर हसून मान डोलावतात आणि आणखी वाढा म्हणून ताट पुढे करतात! अशानं माझा जीव जाईल हो. बाळाला हवी ती भाषा शिकवा, पण आम्हा दोघींना भांडायला काहीतरी ठेवा की!”