वाटीभर साखर

शरदरावांना मधुमेह निघाला, त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून नलूताई सफरचंदाच्या केकमध्ये साखरेऐवजी चार खजूर कुस्करून घालायच्या, आणि शरदराव दर वेळी तोंड वाकडं करून म्हणायचे, "अगं, आपल्या सदाशिव पेठेतली माणसंसुद्धा याहून गोड बोलतात."

गेले दोन महिने शरदरावांचं वजन उतरत होतं. त्यासाठी केलेल्या तपासण्यांचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून नलूताई आज परस्पर मंडईत गेल्या आणि चांगली लालबुंद सफरचंदं घेऊन आल्या. "सगळं छान आहे हो, काळजीचं काही नाही," असं स्वयंपाकघरातूनच सांगत त्यांनी कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाला मीठ पसरलं. मग साड्यांच्या कपाटात लपवलेला साखरेचा डबा काढला आणि शिगोशीग वाटीभर साखर पिठात ओतली. तासाभरात दालचिनीचा वास पार जिन्यापर्यंत गेला.

पहिला घास तोंडात घातला आणि शरदराव थबकले. नलूताई त्यांच्याकडे न बघता दुसरा तुकडा कापत राहिल्या. शरदरावांनी सावकाश सगळा केक संपवला, बोटाने ताटलीतला चुरासुद्धा टिपून खाल्ला. आज टोमणा मारला नाही.

ताटली खाली ठेवत त्यांनी हळूच विचारलं,


"नलू, किती दिवस म्हणाले गं डॉक्टर?"